रोटाची यादी आणि त्रेपन्न शर्ट

परत आलेल्या शर्टाला हळद लागलेली होती. पार्सलवर परत करण्याचं कारण लिहिलं होतं, "साईज बरोबर नाही." शर्टावर आम्ही "नवरदेवाची बहीण" असं छापून दिलं होतं, आणि कॉलरपासून बाहीपर्यंत पिवळाधमक डाग. म्हणजे साईज चांगली बरोबर होती. बाई दिवसभर नाचली होती त्यात.

रफिकभाईंनी शर्ट नाकाजवळ नेला. "चंदन पण आहे ताई," ते म्हणाले. "चांगल्या घरची हळद दिसते."

मी शिवी दिली. रफिकभाईंनी ऐकली नाही असं दाखवलं आणि शर्ट पुसायच्या फडक्यांच्या डब्यात टाकला. त्या आठवड्यातला हा चौथा.

आधी आमचा धंदा सांगते, कारण शर्ट विकते म्हटलं की लोकांना वाटतं माझं कपड्याचं दुकान आहे. तसं नाही. आमचं काम प्रिंट ऑन डिमांड. आधी ऑर्डर, मग छपाई. जळगावात दोन खोल्या. एकीत कोरे शर्ट आणि कॉम्प्युटर, दुसरीत छपाईचं मशीन आणि हीट प्रेस. ऑनलाईन ऑर्डर आली की डिझाईन एका पातळ फिल्मवर छापायचं, त्याच्यावर गोंदाची पावडर पसरायची, फिल्म शर्टावर ठेवायची आणि प्रेसचा दांडा खाली ओढायचा. तापलेल्या इस्त्रीसारखंच ते. छापलेला माल कधी पडून राहत नाही, हा या धंद्याचा मोठा फायदा सांगतात. सांगणारे रिटर्नचं सांगत नाहीत. छापलेला शर्ट परत आला की तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो, आणि येण्याजाण्याचं कुरिअर विकणाऱ्याच्या माथी. एक रिटर्न आला की तीन-चार शर्टांची कमाई गेलीच म्हणून समजा.

मी मूळची डीटीपीवाली. पंधरा वर्षं लग्नपत्रिका केल्या. पत्रिका मोबाईलवर गेल्या तेव्हा मी शर्टांकडे वळले. रफिकभाई स्क्रीन प्रिंटिंगवाले, कापडी बॅनर छापायचे. फ्लेक्स आलं आणि त्यांचंही काम बसलं. मला डिझाईन येतं, त्यांना कापड कळतं. अशी आमची जोडी जमली.

पहिलं वर्ष बरं गेलं. अहिराणीतली वाक्यं छापलेले शर्ट आम्हीच आधी काढले. "बठ्ठं मजामा शे", म्हणजे सगळं मजेत आहे, हा सगळ्यात जास्त चालला. पुण्याला, सुरतला, नाशिकला गेलेली आपली पोरं घ्यायची. फोटो मी आमच्या गच्चीवर काढला होता, मागे शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी. दुसऱ्या वर्षी तेच वाक्य, तोच शर्ट आणि तोच फोटो अकरा दुकानांत दिसायला लागला. लोकांनी फोटो काढायचेही कष्ट घेतले नाहीत. अकरा दुकानांत शेजाऱ्यांची टाकी. शेजारच्या काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, टाकी धुवायला झाली आहे.

त्या अकरा जणांनी भाव पाडले. मी पाडला, त्यांनी आणखी पाडला. जाहिरातीला पैसे लावले तर जाहिरातवाल्यांचं भलं झालं. ज्या साईटवर आम्ही विकतो तिचं नाव घेत नाही, अकाउंट त्यांच्या हातात आहे. त्यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. ते अजून महत्त्वाचंच आहे.

आषाढात रफिकभाईंनी एक दिवस चहा घेताना शांतपणे सांगितलं, "श्रावण संपेपर्यंत बघतो ताई. मग सुरतला जातो. जावयाने डाईंगच्या मिलमध्ये बोलून ठेवलं आहे."

डाईंगची मिल म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. बारा तासांची पाळी, उभ्याने. रफिकभाईंचं वय अठ्ठावन्न आणि दोन्ही गुडघे दुखरे. पण तीन महिने मी त्यांना अर्धाच पगार देत होते, तेव्हा कोणत्या तोंडाने थांबा म्हणणार? आणि ते गेले की माझं दुकान बंद, हेही मला माहीत होतं. प्रेस मला चालवता येते. पण कोणत्या कापडाला किती ताव लागतो ते त्यांच्या हाताला कळतं, माझ्या नाही.

मग मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. सगळे तयार डिझाईनचे शर्ट मागे घेतले आणि एकच प्रकार ठेवला. भाऊबंद शर्ट. पुढे गावाचं नाव आणि आडनाव, पाठीवर ज्याचं त्याचं नाव. आमच्या खान्देशात घरं पांगलेली आहेत, पण श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे गावी येतात. शिवाय साईटचा एक नियम आहे. गिऱ्हाईकाचं नाव छापून दिलेला माल परत घ्यावा लागत नाही. एकदा पार्सल निघालं की निघालं. मात्र निघायच्या आधी गिऱ्हाईक एक बटन दाबून ऑर्डर कॅन्सल करू शकतं. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी ऑर्डर आली. त्रेपन्न शर्ट. ऑर्डर सुरतच्या वैशाली नावाच्या बाईंची, पोचवायचा पत्ता शिरपूर तालुक्यातल्या एका गावाचा, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाने. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणते. सोबत नावांच्या यादीचा फोटो. वहीचं पान, निळं पेन, वळणदार अक्षर. प्रत्येक नावापुढे लहान, मध्यम, मोठा असं लिहिलेलं. वर मथळा, "रोट, यंदाचे".

मथळा वाचून मला बरंच वाटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई म्हणजे आमची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला रोट करतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. माणूस परदेशात असला तरी त्याची मूठ काढायची, आठ दिवसांचं पोरगं असलं तरी त्याचीही. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. मुठी चुकू नयेत म्हणून घरोघर नावांची वही असते. माझ्या सासरीही आहे. अशी यादी म्हणजे पक्की यादी, एकही नाव सुटलेलं नसणार, असं माझ्या डोक्यात बसलं आणि मी कामाला लागले.

बुधवार संध्याकाळपर्यंत त्रेपन्न शर्ट छापून झाले. हळदी रंगाचे, पाठीवर लाल अक्षरं. भटू, आधार, हिरामण, झुलाल, गोकुळ. एक्केचाळीस नंबरला "बाळ, वय अकरा दिवस". त्याचा शर्ट रफिकभाईंनी दोन वेळा मोजून छापला.

गुरुवारी दुपारी दीड वाजता आम्ही घड्या घालत होतो. चार वाजता कुरिअरचा माणूस येणार होता. रफिकभाई थांबले.

"ताई, या घरात बाया नाहीत का?"

"असतील की."

"मग त्या कुठल्या गठ्ठ्यात आहेत?"

मी यादी काढली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. त्रेपन्न पुरुष. एकही बाईचं नाव नाही. असणारच कसं? रोटाच्या वहीत बाईचं नाव नसतं. हे मला जन्मापासून माहीत होतं. माझ्या आईचं नाव कधी नव्हतं, माझं नाही, माझ्या मुलीचं नाही. तीन दिवस ती यादी माझ्या स्क्रीनवर होती. नाव न् नाव मी माझ्या हाताने टाईप केलं होतं, आणि मला काही खटकलं नाही. खटकलं ते रफिकभाईंना, ज्यांच्या घरी कानबाई बसतच नाही. मला लाज वाटली, उगाच कशाला लपवू?

आता धंद्याच्या बाजूने बघा. यादी त्यांची, अक्षर त्यांचं. चार वाजता पार्सल गेलं की माझी जबाबदारी संपली. परत येणार नाही, पैसे पक्के, रफिकभाईंचा उरलेला पगार निघतो आणि श्रावण निभावतो. उलट मी आत्ता फोन केला आणि त्या बाईंनी रागाने कॅन्सल दाबलं, तर त्रेपन्न शर्ट माझ्या गळ्यात. भटू आणि झुलालच्या नावाचे शर्ट मी कुणाला विकणार?

"काय करू रफिकभाई?"

"दुकान तुमचं आहे ताई," ते म्हणाले. घडी घातलेला शर्ट त्यांनी गठ्ठ्यावर ठेवला. "पण पैसे भरले त्या बाईने. पार्सल उघडलं की ती आधी स्वतःचं नाव शोधणार, एवढं बघा."

सुरतच्या मिलमध्ये जायची वेळ त्यांच्यावर येणार होती, माझ्यावर नाही. तरी हे ते बोलले. मी फोन उचलला.

पत्त्यावर नंबर नानांचा होता, म्हणून आधी तोच लावला.

"नाना, जळगावहून बोलते, शर्टवाली."

"बोल ताई. निघनात का शर्ट?"

"निघतील. एक विचारायचं होतं. यादीत बायांची नावं नाहीत."

"रोटनी यादी शे ती. तिन्हामा बायास्नं नाव कसं ऱ्हाई?"

"ते माहीत आहे नाना. पण शर्ट बायांनाही लागतील ना?"

ते म्हणाले, "त्रेपन शेतस ना? मंग बठ्ठा व्हई ग्यात." त्यांच्या आवाजात अजिबात लबाडी नव्हती. सगळ्यांची यादी दे म्हणून सुनेने सांगितलं आणि त्यांनी सगळ्यांची यादी दिली होती. त्यांच्याकडे सगळ्यांची म्हणून एकच यादी होती.

त्यांच्याकडून वैशालीताईंचा नंबर घेतला. त्या कामावर होत्या, मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी नाही त्यात?"

"नाही."

"माझ्या मुली?"

"नाहीत."

"नानांनी पाठवलेला फोटो मी उघडूनही बघितला नाही," त्या म्हणाल्या. "तसाच चिकटवला. मला वाटलं येणारे त्रेपन्न असतील." मग खालच्या आवाजात विचारलं, "कॅन्सल होईल का आता?"

गठ्ठ्यांकडे बघत मी म्हटलं, "होईल. माल अजून निघालेला नाही."

"दहा मिनिटं थांबा."

दहाची चाळीस मिनिटं झाली. रफिकभाई बाहेर जाऊन आले, चहा सांगून आले, पुन्हा येऊन बसले. आम्ही दोघेही कॉम्प्युटरकडे बघत नव्हतो आणि दोघांचंही लक्ष तिकडेच होतं. पावणेतीनला फोन वाजला. नाना होते. आवाज उतरलेला.

"ताई, त्या शर्ट ऱ्हाऊ दे. आनी बायास्ना बी कर. चौतीस."

काय झालं ते मला नंतर वैशालीताईंकडून कळलं. त्यांनी नानांना एवढंच सांगितलं होतं की एकोणीस वर्षं मी सुरतहून येते आणि रोटाचं पीठ जात्यावर दळते. यंदा ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनी दळावं. मग बाकीच्या सुनांना फोन केले आणि त्यांनीही नानांना हेच सांगितलं. चाळीस मिनिटांत काम उरकलं.

मला एक शंका होती, ती विचारली. "नाना, म्हाताऱ्या बाया टीशर्ट घालतील का?"

"कापूस येचतस तवय नवराना जुना शर्ट लुगडावर घालतस ना? तश्याच घालतीन."

बरोबर होतं. शेतात सगळ्याच घालतात. हेही मला सुचायला हवं होतं.

चारला कुरिअरवाला आला, त्याला रिकामं पाठवलं. वैशालीताईंनी चौतीस शर्टांची दुसरी ऑर्डर टाकली आणि दोन्ही ऑर्डरी आम्ही स्वतः पोचवायच्या असं साईटवर करून घेतलं, कारण उद्या निघालेलं कुरिअर शनिवारपर्यंत गावात पोचलं नसतं. पाच वाजता नानांची नवी यादी आली. मी वाचली आणि परत फोन केला.

"नाना, इथे 'भटूनी बायको' लिहिलं आहे. खाली 'हिरामणनी बायको', 'सुरतवाली', 'धाकली'. हे असंच छापू पाठीवर?"

नाना म्हणाले, "सकाय सांगस." सकाळी सांगतो.

सकाळी ते घरोघर फिरले. बायांची नावं विचारत. शुक्रवारी अकराला पूर्ण यादी आली, कलाबाई, शोभा, मंगल, सगळ्या नावानिशी. रफिकभाईंनी बाजारातून कोरे शर्ट आणले. हळदी रंगाचे बावीसच मिळाले, बाकीचे बारा केशरी घ्यावे लागले. आम्ही फिल्म छापायला घेणार तोच पुन्हा फोन. थांबा, नावं बदलायची आहेत.

झालं असं की कुणीतरी एकीने विचारलं, शर्टावर माहेरचं नाव चालेल का? आमच्याकडे लग्नात पुष्कळ ठिकाणी मुलीचं नाव बदलतात. एकीने विचारलं तशा बाकीच्याही बोलल्या. दुपारपर्यंत चौतीसपैकी अकरा नावं बदलली. कलाबाईची इंदू झाली, शोभाची सुलोचना. नानांनी शेवटची यादी पाठवली आणि फोन केला.

"ताई, यादी दिधी. पन ह्या कोन शेतस ते माले बी समजत नही. तू छाप."

"नाना, तिसावं नाव अनुसया आहे. ते आधी कमल होतं. बरोबर ना?"

"आमनी घरवाली," ते म्हणाले. "चव्वेचाळीस वरीस व्हयनात, बठ्ठा गाव तिले कमलबाई म्हणस." आणि फोन ठेवता ठेवता, "मी बी."

शुक्रवारी सातपर्यंत चौतीस शर्ट झाले. शनिवारी सकाळी रफिकभाई दोन मोठ्या पिशव्या घेऊन चोपड्यावरून एसटीने शिरपूरला गेले. मी म्हटलं गुडघे दुखतील, दुसऱ्या कुणाला पाठवू. म्हणाले, "माल बनवला मी, द्यायला पण मीच जातो."

सोमवारी ते आले तेव्हा मी प्रेस तापवत होते. त्यांनी सांगितलेलं तसंच लिहिते.

नानांच्या अंगणात खाट टाकून रफिकभाईंनी शर्ट मांडले आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. पुरुष आले, घेऊन गेले. जे येणार नव्हते, एक दुबईला, दोघं फौजेत, आणखी काही असेच, त्यांचे शर्ट नानांनी घेतले आणि ओसरीतल्या दोरीवर ओळीने टांगले. मूठ काढतो तर शर्टही राहील, असं त्यांचं म्हणणं. मग बायांचे शर्ट आले. इंदू म्हटल्यावर एक बाई उठली. तिच्या शेजारची म्हणाली, अगं तू इंदू आहेस? पंधरा वर्षं दोघी एका भिंतीआड राहतात.

"मग मी अनुसया वाचलं," रफिकभाई म्हणाले. "कोणीच आलं नाही. परत वाचलं. सगळे एकमेकांकडे बघतात. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा जात्यावरची म्हातारी उठली. हाताला पीठ तसंच. म्हणाली, मीच. स्वतःचं नाव ऐकायची सवय राहिली नव्हती तिला."

"आणि नाना?"

"नाना तिच्याकडे बघत होते. मग ते उठले आणि शर्ट त्यांनी नेऊन दिला. म्हणाले, हात पिठाचे आहेत तिचे."

मी प्रेस बंद केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तापलेल्या प्रेसपाशी तसं उभं राहू नये.

"रोट मिळाले का खायला?" मी विचारलं.

"रोट मला कसे देतील ताई, मी भाऊबंद नाही. आणि मी गेलो तो आदला दिवस, रोट व्हायचे होते. पण जेवू घातलं. कळण्याची भाकरी, ठेचा. येताना केळी दिली."

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारच्या मिरवणुकीचा फोटो निघाला. लुगड्यावर हळदी नि केशरी शर्ट घातलेल्या बाया, पाठमोऱ्या, पाठीवर आपापली नावं. तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला. आठवडाभरात यावलहून ऑर्डर आली, मग बोदवडहून, मग धुळ्यातून तीन. कानबाई होऊन गेली होती, तर लोकांनी लग्नासाठी मागितले, जत्रेसाठी मागितले. रफिकभाईंचा थकलेला पगार चुकता झाला. जावयाला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून नाही म्हणून सांगितलं. अकरा दुकानवाल्यांनी भाऊबंद शर्टही उचलला, फोटोसकट. पण चौतीस बायांची नावं विचारत फिरणारं त्यांच्याकडे कुणी नाही, आणि तेवढ्यावर आमचा नफा टिकून आहे. मी घेतलेला धडाही तेवढाच. यादी आली की तिच्यात कोण आहे ते नंतर, कोण नाही ते आधी बघायचं.

त्या सोमवारीच मी साईटवरच्या आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला. "घरातल्या बायांची नावं, त्यांना हवी ती." त्याला लाल चांदणी आहे, म्हणजे तो भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणी नाना, आबा फोन करतात. ताई, हाऊ रकाना रिकामा ठेवता येस नही का? मी सांगते, नाही हो आबा, काय करणार, कॉम्प्युटर घेतच नाही. खरं म्हणजे सेटिंगमधली एक टिक काढली की घेतो.